तटावरची उलटी फेरी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तो गड कोणत्या राज्यात होता हे सांगणारे आता कोणी उरले नाही. त्या गडावर एक पहारेकरी होता. दिवसातून दोनदा तो तटावरून पूर्ण फेरी मारी. बावीस वर्षांत त्याची एकही फेरी चुकली नव्हती.

फेरी नेहमी एकाच बाजूने. देवाला प्रदक्षिणा घालतात तशी, उजवा हात गडाकडे आणि डावा तटाकडे ठेवून. त्याचा बाप तसाच चालला होता, बापाचा बापही. त्यांच्या पावलांनी दगडात वाट झिजली होती. पहारेकऱ्याची पावले त्या वाटेत आपोआप पडत, मन मात्र दुसरीकडेच असे. कधी कधी फेरी संपवून तो दरवाजाशी येई, आणि मधला बुरूज कधी ओलांडला हे त्याला आठवत नसे.

एका उन्हाळ्यात गडावरच्या टाक्यातले पाणी भराभर उतरू लागले. पाण्याची दुसरी सोय नव्हती. टाके तटाला लागूनच होते. किल्लेदाराने पहारेकऱ्याला बोलावून घेतले.

"पाण्याला काही पाय फुटत नाहीत," तो म्हणाला. "कोणीतरी तट चढून येतो आणि तुला दिसत नाही. अमावास्येपर्यंत चोर सापडला नाही, तर बायकोमुलांसकट गड उतरायचा."

पहारेकरी हादरला. गडाखाली त्याचे कोणीच नव्हते. त्याने दोनाच्या चार फेऱ्या केल्या, मग सहा. पावले त्याच वाटेत पडत होती. बायकोने त्याच्या तळपायांना तेल लावले आणि म्हणाली, "अहो, पाय झिजवून चोर सापडतो का?" तो पुढच्या फेरीला उठला.

अमावास्येच्या आदल्या दिवशी, कलत्या दुपारी, टाक्यामागचा बुरूज ओलांडल्यावर तो दमला. समोरचे ऊन चुकवायला बुरुजाकडे तोंड करून बसला. तिथल्या फटीतून एका म्हाताऱ्या घोरपडीने डोके बाहेर काढले.

"असा आहे होय तुझा चेहरा," ती म्हणाली.

पहारेकऱ्याने विचारले, म्हणजे काय?

"बारा वर्षे मी इथे राहते. तू रोज दोनदा जातोस. पण मला दिसते ती तुझी पाठ. आज प्रथमच तोंड दिसले."

त्याला हसू आले. मग त्याने तिलाच चोराबद्दल विचारले. घोरपड म्हणाली, चोर काही तिने पाहिला नव्हता. पण दोन वर्षांपासून तिचे घर ऐन उन्हाळ्यातही गार असते. का, ते तिलाही कोडेच होते.

पहारेकरी विचारात पडला. हिला नेहमी माझी पाठ दिसते. मग या बुरुजाचीही एक बाजू नेहमी माझ्या पाठीमागेच राहत असणार. ती कशी असेल? पण उलटी फेरी म्हणजे अशुभ, असे तो पुटपुटला.

"देवाला असेल डावे-उजवे," घोरपड म्हणाली. "दगडाला कुठले?"

तो दरवाजापर्यंत गेला, वळला आणि आल्या वाटेने परत निघाला. पावले अडखळू लागली, म्हणून त्याला खाली बघावे लागले, आणि एकदा बघू लागल्यावर तो बघतच राहिला. समोरचा डोंगर बसलेल्या बैलासारखा होता. हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

मग तटाचे वळण आले. तिथून त्या बुरुजाची बाहेरची बाजू सरळ समोर होती. सारे गवत करपलेले, आणि बुरुजाच्या पोटात मांडीएवढ्या जाडीचा पिंपळ हिरवागार उभा होता. त्याची मुळे चिऱ्यांत शिरली होती. खाली ओल्या शेवाळाचा पट्टा होता, आणि चिमण्या तिथे चोच बुडवत होत्या.

पहारेकऱ्याने बोलावल्यावर किल्लेदार स्वतः येऊन वळणावर उभा राहिला. त्याने आधी पिंपळाकडे, मग टाक्याकडे पाहिले. मग म्हणाला, "पाय फुटले होते की रे पाण्याला."

पाथरवटांनी मुळे काढली आणि फटींत चुना भरला. घोरपडीची फट पहारेकऱ्याने तेवढी राखून ठेवली. पाणी उतरायचे थांबले. पहारेकऱ्याने बक्षीस म्हणून दोनांपैकी एक फेरी उलटी मारण्याची परवानगी मागितली. जुने शिपाई त्याला 'उलटा पहारेकरी' म्हणू लागले. तो हसे आणि चालू लागे.

पहिली उलटी फेरी मारली त्याच संध्याकाळी तो जेवायला चुलीच्या दुसऱ्या बाजूला बसला. "आज वाट चुकलात?" बायकोने विचारले. तो तिच्याकडे बघत होता. तिच्या डाव्या कानामागे एक पांढरी बट होती.

"ही कधीची?" त्याने विचारले.

"चार वर्षे झाली," ती म्हणाली, आणि त्याच्या पानात भाकरी वाढली.

तात्पर्य : रोजची वाट सोडू नये, पण अधूनमधून तिच्यावरून उलटे चालावे, म्हणजे तीच वाट पुन्हा दिसू लागते.