तिळ्या आणि घोरकंठाचे भोपळे

एका राज्यात लोक एकमेकांना नावानं हाक मारायला भीत असत. आई पोराचा हात धरून त्याला घरात न्यायची, पण हाक मारायची नाही. नवरा बायकोकडे खुणेनं पाणी मागायचा. आणि हे उगीच नव्हतं बरं का. त्या राज्याच्या उत्तरेला धुक्याची दरी होती, आणि भर दुपारी, सूर्य डोक्यावर आला की, त्या दरीतून हाक यायची. हाक ओळखीच्या आवाजात असायची, बापाच्या, सासूच्या, थोरल्या भावाच्या. ज्याचं नाव निघे तो हातातलं काम टाकून उठे आणि चालू लागे. गेला तो गेला. मागे चुलीवरचं कालवण करपत राही आणि दार सताड उघडं राही.

त्या राज्याच्या राजाचं नाव चंडवर्मा. त्याला कशाचीच भीती नव्हती, कारण सगळे त्यालाच भीत. राग तर सदा नाकाच्या शेंड्यावर. आमटी गरम असली की ओरडे, गार असली की त्याहून मोठ्यानं ओरडे. त्याची राणी हेमांगी, आणि एकुलती एक लेक वेणुका. वेणुकेनं एक कुत्र्याचं पिल्लू पाळलं होतं. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून त्याचं नाव तिळ्या. राजाची पावलं वाजली की तिळ्या पलंगाखाली शिरे, आणि खरं सांगायचं तर वेणुकाही त्याच्या मागोमाग शिरे.

एके दिवशी तिळ्यानं सिंहासनाच्या गादीवर मुतून ठेवलं. पिल्लूच ते, त्याला गादी काय आणि अंगण काय! पण राजा असा गरजला की छताचा चुना खाली पडला. "वेणुका, चल इकडे!" पोर थरथरत आली, खाली मान घालून बोलणी खाल्ली आणि निघून गेली. राजा संध्याकाळपर्यंत सगळं विसरलाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दरीतून तोच आवाज आला. तेच शब्द, तोच गडगडाट. राणीनं लेकीला घट्ट धरलं, पण पोरीचे डोळे भीतीनं पांढरे झाले होते. उशीर केला तर आबा आणखी रागावतील, एवढंच ती म्हणाली. राणीच्या हाताला हिसडा देऊन ती पळाली आणि धुक्यात शिरली.

राजा धावत आला तेव्हा राणी उंबरठ्यावर बसून होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"महाराज," ती म्हणाली, "ती तुमच्या हाकेला गेली."

राजानं सैन्य धाडलं. दरीनं सेनापतीच्या आवाजात सैनिकांना एकेक करून आत बोलावून घेतलं, आणि एकही घोडा परत आला नाही. तेव्हा राजाच्या पायाखालची वाळू सरकली. जन्मात पहिल्यांदा त्याला भीती वाटली.

महालाच्या परसात उंबराचं झाड होतं आणि त्यावर एक म्हातारा धनेश पक्षी राहायचा. तो बोलत असे. फारसा कुणाशी बोलत नसे, एवढंच. आज तो खालच्या फांदीवर आला.

"दरीत घोरकंठ नावाचा जादूगार राहतो," धनेश म्हणाला. "त्याला स्वतःचा आवाज नाही. माणूस जो शब्द रागानं बोलतो, तो काळी पाकोळी होऊन दरीत जातो. घोरकंठ तिला भोपळ्यात कोंडून झाडाला टांगतो, आणि मग तो शब्द त्याचा होतो. राजा, त्याच्या झाडाला सर्वांत जास्त भोपळे तुझे आहेत."

मुलगी जिवंत आहे का, असं राजानं विचारलं. जिवंत आहे, धनेश म्हणाला, पण त्या झाडाखाली जो बसतो त्याचा चेहरा हळूहळू पुसला जातो. आधी भुवया जातात, मग ओठ. पुरता पुसला गेला की आई समोर आली तरी तिला ओळखू येत नाही.

मग त्यानं उपाय सांगितला. धुक्यात माणसाला दिसत नाही आणि कानांवर विसंबावं तर फसगत होते. नाकानं वाट काढणारा सोबती हवा, आणि वेणुकेचा वास त्या पिल्लाइतका कुणालाच ठाऊक नाही. दरीत तीन संकटं आहेत, तेव्हा तू अजून रागानं न बोललेले तीन शब्द पिल्लाला शिकव, थांब, सोड आणि ये. राजानंच शिकवायचे, दुसऱ्या कुणी नाही.

"शिकवताना रागावलास तर तो शब्द गेला," धनेश म्हणाला. "आणि भिऊन शिकलेलं पिल्लू दरीत तुझं ऐकणार नाही. जो जास्त मोठ्यानं ओरडेल त्याचं ऐकेल."

"किती काळ लागेल?"

"पिल्लाला लागेल तितका. तू घाई केलीस तर त्याहून जास्त."

आता आली का पंचाईत! तिकडे लेकीचा चेहरा पुसला जातोय, आणि इकडे राजाला घाई करायची सोय नाही.

पहिले काही दिवस तर तिळ्या पलंगाखालून बाहेरच येईना. राजा दिसला की जागच्या जागी मुतायचा. शेवटी राजा जमिनीवर आडवा झाला, तोंड दुसरीकडे फिरवलं आणि तूप लावलेला भाकरीचा तुकडा हातावर ठेवून पडून राहिला. हाताला मुंग्या आल्या. दासी दाराआडून बघून गेल्या, बिचाऱ्यांना वाटलं महाराजांना लेकीच्या दुःखानं वेड लागलं. केव्हा तरी एक ओलं नाक तळव्याला लागलं आणि भाकरी गेली. राजा हलला नाही. आनंदानं ओरडावंसं वाटलं होतं, पण तेही त्यानं गिळलं.

मग 'थांब' सुरू झालं. हात पुढे करून शब्द बोलायचा, एक पाऊल मागे जायचं, लगेच परत येऊन तुकडा द्यायचा. दोन पावलं गेलं की तिळ्या उठून मागे येई. चूक त्याची नाही, धनेश फांदीवरून म्हणे, तू लवकर लांब गेलास, पुन्हा एका पावलापासून धर. काल आलेलं आज विसरलेलं असे. अंगणात जमलं तर बागेत जमेना, कारण बागेत खारी होत्या. रोज राजाच्या कानशिलाची शीर तडतड उडे, आणि रोज दुपारी दरीतून त्याचाच आवाज त्याच्याच लेकीच्या नावानं घुमे.

'सोड' त्याहून अवघड. तोंडातलं ओढून घेतलं तर तिळ्या दात आणखी रोवायचा. धनेशनं सांगितलं, हिसकावू नकोस, त्याहून चांगलं काही दे. मग राजा चिंधीच्या बदल्यात बकऱ्याच्या काळजाचा तुकडा देऊ लागला. पुढे तुकडा कधी दिला, कधी नुसती पाठ थोपटली, तरी तिळ्या सोडू लागला.

'ये' मात्र फार लवकर आलं, आणि तिथंच घात झाला. तिळ्या राजाची जरीची मोजडी घेऊन बागेत पळाला. राजाची आदल्या रात्री झोप झाली नव्हती. मोजडीचं काय एवढं? काही नाही. पण इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम वर आलं आणि तो ओरडला, "ये इकडे!" ओठ मिटायच्या आत काळी पाकोळी दातांना घासून बाहेर पडली. राजानं तिला धरायला हात मारले, पण ती भिंतीपलीकडे गेली. दुपारी दरीतून आवाज आला, "ये!" तिळ्यानं कान पाडले आणि तो पुन्हा पलंगाखाली गेला. सगळं मुसळ केरात.

राजा फरशीवर बसून रडला. असा कोणता शब्द आहे जो तू कधीच रागानं बोलला नाहीस, धनेशनं विचारलं. राजा आठवू लागला. लेकीचं नाव गेलेलं. ऊठ, बस, जा, चल, सगळे गेलेले. 'बाळ' हा शब्दसुद्धा त्यानं वेणुकेला टोमणा मारताना वापरून टाकला होता. फार वेळानं त्याला एक शब्द सापडला, 'घरी'. तेवढाच उरला होता. मग पुन्हा जमीन, पुन्हा भाकरीचा तुकडा, पुन्हा ओल्या नाकाची वाट पाहणं.

जेव्हा खारी फांदीवर खेळत असतानाही तिळ्या 'घरी' म्हटल्यावर वळून आला, तेव्हा धनेशनं मान हलवली. राणीनं लेकीची ओढणी आणून दिली, तिळ्यानं ती हुंगली, आणि राजा हातात तिळ्याची दोरी धरून दरीत उतरला.

आत सूर्य नव्हता. पांढरं, ओलं धुकं, आणि स्वतःचा हातही दिसेना. थोडं चालल्यावर समोरून सावल्या आल्या. माणूस नाही, काही नाही, नुसत्या उंच सावल्या चालत होत्या, आणि जे हलेल त्याला शिवत होत्या. वाटेत एक हरीण दचकून उडालं, सावली त्याला शिवली, आणि हरणाच्या जागी ओला चिखल राहिला. राजाची पाचावर धारण बसली. त्यानं हात पुढे केला आणि कुजबुजला, "थांब." तिळ्या बसला. त्याच्या पाठीचे केस उभे राहिले होते. एका सावलीचा काठ त्याच्या नाकावरून गेला तरी तो उठला नाही. खरं तर पळून जायची वेळ राजाचीच आली होती, पण पिल्लू बसलंय म्हणून तोही उभा राहिला.

पुढे वाटेच्या मध्यात ताट होतं, ताटात वाफाळतं मटण. भोवती कोल्हे आणि सैनिक बसले होते, सगळे दगडाचे, तोंडात घास तसाच. राजाला हे उमगेपर्यंत तिळ्यानं तुकडा दातांत धरलासुद्धा. ओरड राजाच्या ओठांपर्यंत आली. त्यानं ती जीभ चावून अडवली आणि रिकामा तळवा पुढे केला. "सोड." तिळ्यानं त्याच्याकडे पाहिलं, लाळ गळत होती, शेपूट थांबली होती. मग त्यानं तुकडा खाली टाकला.

तिसरं संकट म्हणजे ते झाड. वाळलेली सावर, आणि फांदीफांदीला टांगलेले भोपळे. खाली हरवलेली माणसं रांगेनं बसली होती. कुणाला भुवया नव्हत्या, कुणाला ओठ नव्हते. बुंध्याशी वेणुका होती. तिच्या भुवया गेल्या होत्या, पण बाकी चेहरा तसाच होता. राजा तिच्यापाशी गेला. त्याला फार काही बोलायचं होतं, पण जवळ एकच शब्द होता. "घरी," तो हळूच म्हणाला.

वेणुकेनं त्याच्याकडे पाहिलं आणि ती बुंध्याला आणखी चिकटली.

"तुम्ही जादूगार आहात," ती म्हणाली. "माझे आबा असं बोलत नाहीत."

तेवढ्यात झाडामागून घोरकंठ आला, लांब, कृश, गळ्याच्या जागी नुसता खळगा. त्यानं राजाचे सगळे भोपळे एकदम उघडले. वर्षावर्षांचा राग दरीत कोसळला. "वेणुका! इकडे ये! ये! ऐकू येत नाही?" पोर झटकन उठून उभी राहिली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. ती घोरकंठाकडे चालू लागली. तिळ्या किंचाळून दोरी तोडून धुक्यात पळाला.

राजाला ओरडता आलं असतं. एकदाच ओरडून तिला थांबवता आलं असतं, त्या आवाजाला ती थांबलीही असती. घोरकंठ त्याचीच वाट पाहत रिकामा भोपळा हातात धरून उभा होता. पण पिल्लानं राजाला इतके दिवस जे करायला लावलं होतं, तेच त्यानं केलं. तो चिखलात खाली बसला, तोंड बाजूला फिरवलं, तळवा जमिनीवर उघडा ठेवला आणि पूर्वीच्याच हळू आवाजात एकदाच म्हणाला, "घरी." वर भोपळे गरजत होते. लेक एकेक पाऊल लांब जात होती. तो वाट पाहत राहिला.

धुक्यातून तिळ्या पोटावर सरपटत आला. कान पडलेले, अंग थरथरतंय. तो तळव्यापाशी आला, तळवा हुंगला, आणि राजाच्या मांडीवर चढून त्यानं हनुवटी टेकली. थोड्या वेळानं त्याची थरथर थांबली.

वेणुका वळून बघत होती. घोरकंठानं हात पुढे केला होता, पण ती थबकली.

"तिळ्या तुम्हाला भीत नाही?" तिनं विचारलं.

"आधी भीत होता," राजा म्हणाला. "भ्यावं असंच मी वागत होतो."

ती बराच वेळ उभी राहिली. मग एक पाऊल आली, मग थांबली, मग आणखी एक. राजानं हात लांब केला नाही. ती शेजारी बसली आणि तिनं तिळ्याच्या पाठीवर हात ठेवला. वरचा आवाज अजून "इकडे ये" म्हणतच होता, पण तिनं वर पाहिलं नाही.

ज्या शब्दाला कुणी भीत नाही तो भोपळ्यात टिकत नाही. पहिला भोपळा तडकला, मग दुसरा, मग सगळे. काळ्या पाकोळ्या बाहेर पडल्या आणि उजेडात विरून गेल्या. घोरकंठानं तोंड उघडलं तर त्यातून नुसता वारा आला, आणि धुक्याबरोबर तोही गेला. दगडाचे सैनिक घास थुंकून उठले. माणसांना भुवया आल्या, ओठ आले, आणि सगळे एकदम आपापल्या माणसांची नावं घेऊ लागले. पुढे त्या राज्यात पुन्हा हाका सुरू झाल्या, हे सांगायला नकोच.

परत येताना चढ होता. राजाला लेक कधी एकदा राणीच्या हाती देतो असं झालं होतं, म्हणून तो लांब लांब ढांगा टाकत पुढे निघाला होता.

"आबा!" वेणुका मागून चांगलीच वैतागून ओरडली. "हळू चाला ना! माझे पाय दुखतायत!"

राजा जागीच थांबला. लेक त्याच्यावर ओरडली होती, आणि ओरडून पळाली नव्हती. राजाचे डोळे भरून आले. त्यानं तिचा हात धरला आणि तो हळू चालू लागला.