प्रसादातली साखर

विषय : मूत्रपिंडांस अभय मिळणेबाबत.

अर्जदार : श्री. नाडगौडा, रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, जुने मधुमेही. अर्ज तोंडी. सुनावणी टेकडीवरच्या मठात, दौलतनाथांच्या धुनीपुढे.

“...म्हणजे आतून गंज चढतो म्हणतोस, मास्तर?” नाथांनी विचारलं.

“प्राध्यापक,” नाडगौडांनी दुरुस्ती केली. “गंज म्हणा हवं तर. रक्तात साखर फार झाली, की पेशींना ती नीट जाळता येत नाही. त्यातून ऑक्सिजनचे उनाड रेणू सुटतात. ते मूत्रपिंडाची चाळणी कुरतडतात. त्यांना आवरणारी द्रव्यं शरीरात असतात. पण रोज लढून तीही थकतात.”

“आणि तुझी चाळणी?”

“लघवीतून प्रथिनं जायला लागलीत.” आवाज पहिल्यांदाच खाली आला. “डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर डायलिसिस.”

“मग काय करतोस?”

“कुमक पाठवतो! आवळ्याचा रस, ग्रीन टी, परदेशी कॅप्सूल.” आवाज पुन्हा फळ्यापाशी गेला. “सगळं शास्त्रशुद्ध. तरी रिपोर्ट वाईटच. आता आपणच डोक्यावर हात ठेवावा.”

नाथांनी चिमट्याने धुनीतली राख सारखी केली.

एवढ्यात सेवेकरी आरतीचा शिरा वाटत आला. नाडगौडांनी दोन्ही हात पुढे केले. द्रोण संपवला. दुसऱ्यासाठी हात पुन्हा पुढे केले. तोही भरून मिळाला.

“हे चालतं तुला?”

“महाराज, हा प्रसाद! याला साखर म्हणत नाहीत.”

“रोज मिळतो?”

“छे, छे. सोमवारी शंकराचा, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शुक्रवारी देवीचा, शनिवारी मारुतीचा. रविवारी कुणाकडे तरी सत्यनारायण असतोच.”

“आणि बुधवारी?”

“बुधवारी कडक पथ्य.”

नाथांनी मान डोलावली. शेजारचा एक ओंडका उचलून धुनीत सारला. मग दुसरा. मग तिसरा.

ज्वाळा दबली. धूर उठला आणि थेट प्राध्यापकांकडे निघाला.

नाडगौडा खोकले. एका हातात द्रोण सांभाळत दुसऱ्या हाताने रिपोर्टांची फाईल हलवू लागले.

“वारा घाल,” नाथ म्हणाले.

“घालतोच आहे!”

“जोरात घाल.”

नाथांनी आणखी एक ओंडका उचलला.

“अहो महाराज!” डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. “मी वारा घालून घालून किती घालणार? आधी ती लाकडं थांबवा!”

नाथांचा हात थांबला. त्यांनी ओंडक्याकडे पाहिलं. मग द्रोणाकडे...

“देवाच्या धुनीत टाकतोय, मास्तर. याला लाकूड म्हणत नाहीत.”

यावेळी ‘मास्तर’ला हरकत घेतली गेली नाही.

अर्जदाराने द्रोण खाली ठेवल्याचे दिसून आले नाही. खाल्ल्याचेही दिसून आले नाही.

अर्ज प्रलंबित.