पश्चिम वेशीबाहेरची विहीर

फार पूर्वी, अश्मक देशातल्या पोतन नगरीत जयबाहू राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व तिथल्या एका धान्यव्यापाऱ्याच्या घरी जन्माला आला होता. त्याचे नाव क्षेमंकर. वडिलांमागे त्याने व्यापार सांभाळला, आणि बोलण्यात व मापात तो कधी खोटा पडला नाही म्हणून नगरीने त्याला निधिपालांचा प्रमुख नेमले.

हा निधी म्हणजे पोतन नगरीची एक जुनी, चांगली रीत होती. मागे मोठा दुष्काळ पडला तेव्हा घरोघरच्या मूठमूठ धान्यावर नगरी तगली होती. तेव्हापासून सुगी झाली की प्रत्येक घर आपल्या कुवतीप्रमाणे एक वाटा नगरनिधीत घाली. सोनार, विणकर, तेली यांच्या श्रेणी, म्हणजे व्यवसायसंघ, हेही आपापला वाटा देत. निधी राजाचा नव्हता आणि कोणा एका धनिकाचाही नव्हता. जी माणसे मिळून लोकांच्या उपयोगाचे काम करीत, त्यांना तो दरवर्षी वाटून दिला जाई. पुरात सापडलेल्यांना विनामोबदला पैलतीरी नेणारे नावाडी, तळ्यातला गाळ काढणारे, निराधार आंधळ्यांना सांभाळणारे, असे अनेक जण फाल्गुनी पौर्णिमेला सभागृहात येऊन आपली मागणी मांडत. मग पाच निधिपाल स्वतः जाऊन प्रत्येकाचे काम पाहत आणि चैत्री पौर्णिमेला निर्णय सांगत.

त्या वर्षी फाल्गुनी पौर्णिमेला सभागृहाच्या पायऱ्यांखाली एक बाई उभी होती. तिचे नाव बहुला. पश्चिम वेशीबाहेरच्या वस्तीत राहून ती बांबूच्या टोपल्या विणी. त्या वस्तीतल्या माणसांना नगरीत राबायला येता येई, पण सभेत बसता येत नसे आणि विहिरीला हात लावता येत नसे. बहुलेने आणि वस्तीतल्या आणखी काही बायकांनी मिळून वेशीबाहेर एक रुग्णशाळा चालवली होती. व्यापाऱ्यांचे तांडे दूरदूरच्या वाटांनी येत. त्यांच्यात कोणी तापाने पडला तर वेशीचे रखवालदार त्याला आत घेत नसत, आणि तांड्याला थांबायला सवड नसे. अशा रस्त्यात टाकलेल्या माणसांना या बायका उचलून आणीत, पेज पाजीत, पुसून-धुऊन निजवीत. बरेचसे वाचत. जे वाचत नसत, ते निदान कोणाच्या तरी मांडीवर डोके ठेवून जात.

सगळ्यांचे बोलून झाले तरी बहुलेला कोणी हाक मारली नाही. ती निघणार, एवढ्यात क्षेमंकर उठला, बाहेर आला आणि तिच्यासमोरच्या पायरीवर बसला.

"बाई, तुमचं म्हणणं राहिलं," तो म्हणाला.

आजवर नगरीतल्या कोणी तिला 'तुम्ही' म्हटले नव्हते. ठरवून आणलेले शब्द ती विसरून गेली.

"गवत पाहिजे, श्रेष्ठी," ती कशीबशी म्हणाली. "छपराचं गवत कुजलंय. आजाऱ्यांवर पाणी गळतं. जुनं-पानं असलं तरी चालेल."

"आणखी काही?"

"नाही. एवढंच."

आतून कोणीतरी हसले. बहुला मान खाली घालून परतली. वाटेत तिच्या मनात आले, गवतही जास्तच मागितले का?

काही दिवसांनी निधिपाल कामे पाहायला निघाले. पश्चिम वेशीपाशी आल्यावर बाकीच्या चौघांनी लांबूनच पाहिल्यासारखे केले आणि ते मागे फिरले. क्षेमंकर मात्र रुग्णशाळेत आला आणि एका तापकऱ्याच्या उशाशी बसला. त्या माणसाचे ओठ फुटले होते. त्याने पाणी मागितले. बहुलेने कोपऱ्यातली घागर कलती केली, तळातले घोटभर पाणी वाटीत घेतले आणि थेंबथेंब त्याच्या तोंडात सोडले.

"घागर सकाळीच रिकामी कशी?" क्षेमंकराने विचारले.

"पहाटेपासून वेशीलगतच्या नगरीच्या विहिरीवर उभी होते. कोणी ओतलं तर आणायचं. आज एकीनंच ओतलं."

"आणि नदी?"

"नदी नगरीच्या पलीकडच्या अंगाला. मधल्या गल्ल्यांतून आम्हाला घागर नेता येत नाही. बाहेरून वळसा घालून गेलं तर एका खेपेला अर्धा दिवस मोडतो. तेवढ्यात इथं माणूस जातो."

क्षेमंकराने रिकामी घागर सरळ करून ठेवली. मग म्हणाला, "तुम्हाला छप्पर पाहिजे हे खरं. पण त्याआधी विहीर पाहिजे. मग गवतच का मागितलंत?"

बहुलेने पदराने कपाळ पुसले. "गवत मागितलं तर हसतात. विहीर मागितली असती तर मारलं असतं."

बोधिसत्त्वाने तिच्याकडे पाहिले, आणि मागणाऱ्याने भीतीने आपली गरज छाटून मांडली असेल तर मागितले तेवढे देऊन दाता मोकळा होत नाही, हे त्याच्या मनाने घेतले.

चैत्री पौर्णिमेला सभागृह गच्च भरले. बहुला पुन्हा पायऱ्यांखाली उभी राहिली. दार उघडे होते, त्यामुळे आतले बोलणे तिला ऐकू येत होते. क्षेमंकराने पश्चिम वेशीबाहेर विहीर आणि रुग्णशाळेला छप्पर अशी मागणी स्वतःच्या तोंडाने मांडली तेव्हा तिने खांबाला धरले.

पाच निधिपालांत सुमुख नावाचा एक धनाढ्य सोनार होता. त्याचे तांडे समुद्रकाठच्या बंदरांपर्यंत जात, आणि निधीत सर्वांत मोठा वाटा त्याचाच असे. भर चौकात वडिलांच्या नावाने दगडी अन्नशाळा उभारावी, अशी त्याच्या श्रेणीची मागणी होती. तो उठून म्हणाला, "ज्या वस्तीचा निधीत दाणाही नाही, तिला निधीतून विहीर? उद्या सगळ्या वाटा देणारे विचारतील, आम्ही कोणासाठी देतो?"

"दुष्काळात मूठ देणाऱ्यांनी घेणाऱ्याचं कूळ विचारलं असतं, तर तुमचे-माझे आजोबा जगले नसते," क्षेमंकर शांतपणे म्हणाला.

सभेत कुजबुज झाली. सुमुखाने आवाज खाली आणला. "मी अडाणी नाही, क्षेमंकरा. माझं ऐक. यंदा अन्नशाळेला दे. पुढच्या वर्षापासून माझा वाटा दुप्पट. त्यातून एक सोडून चार विहिरी खण, मी आडवा येणार नाही."

बाहेर बहुलेने डोळे मिटले. बोलणे खोटे नव्हते. चार विहिरी एकीपेक्षा जास्तच होत्या. आता शहाणा माणूस काय करणार, हे तिला कळून चुकले.

आत क्षेमंकराने विचारले, "पुढच्या वर्षीच्या विहिरीचं पाणी यंदाचा आजारी कसा पिणार, सुमुखा?"

सुमुख तांबडालाल झाला. "तर मग माझा यंदाचा राहिलेला वाटा येणार नाही, पुढचाही नाही. आणि तुझं धान्य माझ्या गाड्यांतून बंदराला जाणार नाही, हेही ध्यानात ठेव."

"ते तुझ्या हातात आहे. आता रीतीप्रमाणे ज्याची मागणी आहे त्यानं बाहेर थांबावं. उरलेले चौघं ठरवतील."

अशा रीतीने सुमुख बाहेर आला आणि त्याच पायऱ्यांवर उभा राहिला. एका अंगाला रेशमी उपरणे घेतलेला सोनार आणि दुसऱ्या अंगाला टोपल्या विणणारी बहुला. ऊन दोघांवर सारखेच तापत होते. बहुला सावरून दूर सरली. सुमुख एकदा तिच्याकडे पाहून म्हणाला, "तुझ्यापायी आज निधी दुबळा झाला. कळलं?"

"मी गवतच मागितलं होतं, मालक," बहुला म्हणाली.

त्याने तोंड फिरवले. दोघे तसेच उभे राहिले. दार उघडले तेव्हा प्रथम नावाड्यांचे नाव पुकारले गेले, मग तळ्यातला गाळ काढणाऱ्यांचे, आणि मग पश्चिम वेशीबाहेरच्या रुग्णशाळेचे. अन्नशाळेचे नाव आले नाही. सुमुख झपाझप उतरून निघून गेला. बहुला पायरीवर बसली. इतके दिवस तिने रडणे गिळले होते. ते आता मोकळे झाले. क्षेमंकर जवळ येऊन म्हणाला, "रडून घ्या, बाई. उद्यापासून खणायचं आहे."

सुमुखाने बोलल्याप्रमाणे केले. क्षेमंकराचे धान्य त्या वर्षी कोठारातच पडून राहिले आणि पुष्कळसे किडले. निधीत पडलेली तूट त्याने आपल्या घरातून भरून काढली, म्हणजे नावाड्यांची होडी अडणार नाही. बायकोने एकदा विचारले, "पस्तावताय का?" तो हसून म्हणाला, "धान्य किडलं म्हणून वाईट वाटतं. विहिरीबद्दल नाही." दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच खणणाऱ्यांसाठी भाकऱ्या पाठवल्या.

पण विहीर सोपी नव्हती. वरची माती आणि मुरूम भराभर निघाले, आणि मग काळा पाषाण लागला. पहारी बोथट झाल्या. वैशाखातले ऊन वाढत चालले. वेशीवरचे रखवालदार रोज विचारीत, "काय गं, समुद्र लागला का?" नगरीतही लोक म्हणू लागले की निधी खडकात पुरला. खणणाऱ्यांचा म्हातारा मुकादम म्हणाला, "खडक तापवायचा, लाल झाला की वर थंड पाणी ओतायचं. तडकतो. पण त्यालाच पुष्कळ पाणी लागेल. ते आणायचं कुठून?"

बहुला त्या संध्याकाळी जेवली नाही. क्षेमंकराला काय सांगायचे, या विचाराने तिचा जीव उडून गेला होता. पाण्यासाठी विहीर, आणि विहिरीसाठी पाणी! सकाळी ती वेशीपाशी आली तर बाहेरच्या वाटेने बैलांची रांग येत होती, आणि प्रत्येक बैलावर पाण्याने फुगलेल्या पखाली होत्या. पुढे नावाडी चालत होते. त्यांच्यातला वडीलधारा म्हणाला, "क्षेमंकर श्रेष्ठींनी आमची होडी अडू दिली नाही, स्वतःच्या घरातून दिलं. तुमची विहीर आम्ही अडू देऊ होय? कुठं ओतायचं सांग, पोरी."

खडकावर लाकडे पेटवली. पाषाण तापला, पखाली रित्या झाल्या आणि आतून मोठा कडकडाट ऐकू आला. असे पुन्हा पुन्हा करावे लागले. नावाडी बैल घेऊन येतच राहिले. पुढे तळ्यातला गाळ काढणारेही पहारी घेऊन आले. शेवटी एका दुपारी खाली उतरलेला मुकादम पहार बाजूला टाकून उभा राहिला. वरून सगळे ओरडू लागले, "काय झालं? काय झालं?" त्याने वाकून ओंजळ भरली आणि वर धरली. पाणी गढूळ होते. वस्तीतल्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बहुला मात्र आधी रुग्णशाळेत धावली आणि प्रत्येक खाटेशी जाऊन सांगू लागली, "पाणी लागलं. ऐकलंत का? आता पाणी आपलं आहे."

त्या वर्षी उन्हाळ्यात रुग्णशाळेतले एकही माणूस तहानेने गेले नाही. पावसात छपरानेही दगा दिला नाही.

निधीची आणखी एक रीत होती. दिलेले दान नीट लागले की नाही, हे पाहायला विरोध करणाऱ्या निधिपालालाच पाठवीत, म्हणजे कौतुकाने डोळे झाकले जाऊ नयेत. सुगी झाल्यावर सुमुख विहीर पाहायला आला. त्याने विहिरीत डोकावून पाहिले, कठड्याचे दगड हलवून पाहिले, छपराच्या वाशांना हात लावला. दोष काढावा असे काही सापडेना. तेवढ्यात खाटेवर बसून दोर वळणारा एक माणूस काठी टेकत उठला आणि त्याने वाकून नमस्कार केला.

"मालक, ओळखलंत?"

सुमुखाचा चेहरा उतरला. तो मल्लक होता, त्याच्याच तांड्यातला गाडीवान. लहानपणी सुमुखाला पहिल्यांदा बैलगाडी हाकायला त्यानेच शिकवले होते.

"तू... तू मेलास असं मला सांगितलं."

"सांगणाऱ्याचं चुकलं नाही, मालक. ग्रीष्मात वाटेवर टाकून गेले तेव्हा मेल्यातच जमा होतो. या बायांनी उचललं. शुद्ध आली तेव्हा ही बहुला तोंडात पाणी घालत होती." मल्लक बोलताना हसत होता, त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "ताप गेला, पण पायात बळ नव्हतं. आता चालता येतं. या आठवड्यात गावी निघणार. बायकोनं कुंकू पुसलं असेल. तिला कसं सांगायचं, तेवढंच कळत नाही."

सुमुख खाटेच्या कडेवर टेकला. बराच वेळ त्याने दोन्ही हातांनी आपले तोंड झाकून घेतले. बहुलेला भीती वाटली, आता हा काय बोलतो. पण तो बोलला ते मल्लकाशी.

"चालत जाऊ नकोस. माझी गाडी बाहेर आहे. मी येतो तुझ्याबरोबर. तुझ्या बायकोला मीच सांगेन, की चूक माझ्या तांड्याची होती."

तो निघताना बहुलेपाशी थांबला आणि म्हणाला, "विहीर चांगली बांधलीत, बाई."

मल्लकाला पाहून त्याची बायको आधी किंचाळली आणि मग त्याला बिलगली, असे गाडीवानांनी पुढे नगरीत येऊन सांगितले. सुमुखाने आपला वाटा पुन्हा निधीत घातला, आणि त्याचे तांडे आजाऱ्याला वाटेवर टाकीनासे झाले. पुढच्या फाल्गुनी पौर्णिमेला बहुला सभागृहात आली तेव्हा तिला आत यायला सांगण्यासाठी पाचही निधिपाल दारापर्यंत आले. ती आत बसली, आणि तिला जे पाहिजे होते ते तिने या वेळी पुरते मागितले.

ही पूर्वकथा सांगून तथागत भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळची बहुला म्हणजे आज संघातल्या आजाऱ्यांपाशी रात्रंदिवस बसणारी ज्येष्ठ भिक्षुणी भद्रिका थेरी. मल्लक म्हणजे आज तुमच्यात बसलेला वृद्ध भिक्षू सुबाहुक. सुमुख म्हणजे विहाराच्या दाराशी उभा असलेला हा उपासक, जो आज दान देताना घेणाऱ्याचे कूळ विचारीत नाही. आणि निधिपाल क्षेमंकर म्हणजे मीच. लाभ समोर असताना आणि हानी समोर असतानाही ज्यामुळे चित्त तराजूच्या काट्यासारखे सरळ राहते आणि आपला-परका न पाहता गरजेकडेच वळते, त्या गुणाचे नाव समचित्तता. त्या जन्मात मी ती जोपासली."