बोरीपाशी न वाकलेली रेघ

फार वर्षांपूर्वीची, मोजणीची साखळी गावात कुणी पाहिलीही नव्हती तेव्हाची ही गोष्ट. करंजओढा गावात भिवराबाई नावाची एक बाई होती. नवरा लवकर गेलेला, जीभ तिखट, आणि औत स्वतः धरायची. बाईनं औत धरू नये, असं लोक म्हणायचे. भिवरा म्हणायची, "मग या, तुम्ही धरा." कुणी येत नसे.

गावाची जमीन तीन तऱ्हेची. ओढ्याकाठी काळी, मधे तांबडी, वर मुरमाड माळ. भाऊ वेगळे निघाले की एकाला काळी आणि दुसऱ्याला माळ असं चालायचं नाही. प्रत्येकाला तिन्हीतला तुकडा. त्यांची पोरं वेगळी निघाली की पुन्हा तुकड्यांचे तुकडे. कुणावर अन्याय नको म्हणून एवढं चिरलं, की न्याय राहिला आणि शेत संपलं. कोंबडीनं दाणा टिपायला मान खाली घातली तर चोच एकाच्या रानात आणि शेपूट दुसऱ्याच्या, असं म्हणतात. विहीर खणावी तर पट्टीपेक्षा विहीरच रुंद. औत वळवायचं म्हणजे शेजाऱ्याचं पीक तुडवायचं.

ओढ्याकाठच्या काळ्या रानात भिवराची पट्टी होती आणि तिच्यात एक बोर होती. बोरीखाली तिचं तान्हं पोर ठेवलेलं. तान्ह्याला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. तिला तेवढं एकच झालं होतं. नांगरताना ती तिथं आली की औत उचलायची, पलीकडं नेऊन टेकवायची आणि पुढं निघायची. त्यावर कधी बोलायची नाही.

शेजारची पट्टी तिचा धाकटा दीर हैबती याची. हैबती दरवर्षी बांध कोरायचा. एका वर्षी त्याचे बैल वळताना भिवराच्या उभ्या जोंधळ्यात शिरले. ती विळा घेऊन धावली, त्यानं कुदळ उगारली. कुदळ भिवराला लागली नाही, त्याच्याच बैलाच्या पायावर बसली. बैल खाली बसला तो पुन्हा उठला नाही.

दोघं बैलापाशी बसून राहिली. मग भिवरा म्हणाली, "भावजी, आपण रान कसतच नाही. बांध कसतो."

त्या दिवसापासून ती दारोदार फिरली. सगळ्यांनी पट्ट्या एकत्र टाकायच्या, बांध मोडायचे, आणि प्रत्येकानं एकेकच सलग शेत घ्यायचं. माणसं हसली. जो तो म्हणे, माझी माती सोनं, त्याची राख. अदलाबदल करायची कशी?

"सोनं आहे ना? मग पाटीभर आणा पारावर," भिवरा म्हणाली.

प्रत्येक पट्टीतली पाटीभर माती पारावर आली. बायकांनी पाट्यांच्या बुडाला आपापल्या खुणेचा दोरा बांधला आणि पाट्या अशा उलटसुलट मांडल्या, की मालकालाही आपली ओळखेना. प्रत्येक पाटीत मूठभर जोंधळा पेरला. कोंब वर आले तसे पुरुष बघायला जमले. हैबतीनं एका पाटीपुढं नाक मुरडलं.

"ही कुणाची? ह्या मातीला कुत्रं हुंगायचं नाही."

त्याच्या बायकोनं पाटी तिरपी केली, दोरा पाहिला आणि पदर तोंडाला लावला. "अहो, आपलीच की. सोन्याची."

सारा पार हसला. हैबतीही हसला, पण जरा उशिरा. मग कोंब बघून ठरलं, की काळी घेणाऱ्याला थोडी, तांबडीवाल्याला तिच्याहून जास्त, माळ घेणाऱ्याला चांगली ऐसपैस.

आता वाटे कोण पाडणार? जो पाडील तो आपल्याकडं ओढील, ही भीती सगळ्यांना. भिवरा म्हणाली, "जो पाडील त्यानं सगळ्यांच्या मागून उचलायचं." ऐकून एकेक जण मागं सरकला. शेवटी उरणार तो माळच, हे कळायला शहाणपण लागत नव्हतं.

"मी पाडते," ती म्हणाली.

हैबती हळूच म्हणाला, "वैनी, बोर जाईल तुमची."

"मला ठाऊक नाही होय?"

ओटीत चुलीची राख घेऊन ती निघाली. जिथून चालली तिथं राखेची रेघ पडत गेली. वारा सुटला होता तरी राख हलली नाही आणि ओटी रिती झाली नाही, असं म्हणतात. गाव मागून चाललं होतं. रेघ ओढ्याकडं वळली. बोर रेघेच्या जरा डावीकडं होती. भिवरा दोन पावलं सरकली असती, तर बोर बांधावर आली असती, आणि बांधावर कुणाचं औत फिरत नाही. गावाला हे कळत होतं. पण तिनं बोरीसाठी रेघ वाकवली की दुसरा आपल्या आंब्यासाठी वाकवणार, तिसरा आपल्या म्हसोबासाठी, आणि पुन्हा त्याच चिंध्या. हे भिवराला कळत होतं.

तिचे पाय थांबले. बोरीकडं तिनं पाहिलं, आणि ती सरळ चालत गेली.

कवड्या टाकून पाळ्या ठरल्या. बोरीचं रान हैबतीनं उचललं. का उचललं म्हणून लोकांनी विचारलं, तर म्हणाला, "काळी आहे, का सोडू?" भिवराला माळ राहिला. साऱ्या गावानं बांध मोडले, तेव्हा बैल एका दमात एवढे लांब चालत गेले, की कुठं थांबायचं ते त्यांना समजेना. भिवराच्या माळावर आता विहिरीला जागा झाली. तिनं खणली, आणि पाणी भर उन्हाळ्यात काठाला आलं, असं म्हणतात.

हैबती बोरीच्या रानात नांगरायला उतरला, तेव्हा भिवरा माळावर तिकडं पाठ करून उभी होती. बोरीपाशी आल्यावर बैल गुडघ्यावर बसले, असं म्हणतात. बैल बसले असतील, नसतील. हैबती थांबला हे मात्र खरं. त्यानं औत खांद्यावर घेतलं, पलीकडं नेऊन टेकवलं आणि हाक मारली, "वैनी, बघा तरी!"

तेव्हा ती वळली.

आज करंजओढ्यात भावांचे वाटे असोत की जत्रेच्या प्रसादाचे, जो वाटे पाडतो तो शेवटी उचलतो. त्याला भिवराचा वाटा म्हणतात, आणि तो उचलणाऱ्याला आधी बसायला घोंगडी देतात. बोर कधीच वाळून गेली. रान कितीदा विकलं गेलं, आता तिथं ट्रॅक्टर चालतो. ओढ्याकडं येताना एका जागी चालवणारा फाळ वर उचलतो, पाळण्याएवढी जमीन ओलांडतो आणि फाळ पुन्हा खाली टेकवतो. ती जागा त्याला कुणी दाखवावी लागत नाही. साऱ्या रानात तेवढंच गवत उभं असतं.