खांबाला मुजरा

खांबाला मुजरा केला, म्हणून पोशा तांडेलाची शाळा बुडायला निघाली होती!

झालं असं, की तारवली बेटाच्या दरबारात पोशा आला, कमरेत वाकला आणि उजव्या हाताच्या लाकडी खांबाला म्हणाला, "महाराजांचा विजय असो!" महाराज बसले होते डावीकडे. दरबार खदखदला. राजे रणधवल लालबुंद झाले.

"तो खांब आहे, तांडेल!"

"तरीच, महाराज! एवढे शांत कसे, असं वाटलंच मला," पोशा बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

सहा वर्षं त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होते. आता उजेड-अंधार तेवढा कळायचा. पण आंधळ्याला राजाच्या गलबतावर कोण ठेवणार? म्हणून तो गप्प होता. स्वतःचंच त्याला हसू यायचं. दर्यावरचा मोठा वाटाड्या, आणि घराचं दार चुकून शेजारणीच्या चुलीपाशी जाऊन बसतो! दोनदा तर जेवूनही आला होता.

राजांनी पितळी होकायंत्र उचललं. "सौदागरानं दिलंय. आता दर्यावर वाट शोधायला शिकवणारी तुझी शाळा कशाला? पोरांना होडीत नुसतं झोपवतोस म्हणे! उद्यापासून तुझी सातही पोरं किल्ल्याचे दगड फोडतील."

"आणि यंत्र पाण्यात पडलं तर?"

"असं? मग उद्या डोळ्यांना पट्टी बांधून तुझ्या पोरांनी भर समुद्रातून होडी घरी आणावी! जमलं तर शाळा राहील."

कारभारी भानजी हसला. राजे हसले की तो हसायचा, राजे खोकले की खोकायचा.

दुसऱ्या दिवशी आभाळ गच्च होतं, वारा पडलेला. राजे, भानजी आणि पोशाही होडीत बसले, आणि बेट मुंगीएवढं दिसेपर्यंत होडी दूर नेली. सातही पोरांना पट्ट्या बांधल्या आणि वल्हेकऱ्यांनी होडीला चार गरके दिले. मग थोरली चांगी सरळ होडीच्या तळाशी उताणी पडली.

"झोपली!" भानजी ओरडला.

"मोठी लाट डाव्या कुशीला लागतेय," चांगी पुटपुटली. "आणि ही बारकी, उलटी, उजव्या खांद्याला. ही आपल्या बेटाच्या कड्यावर आपटून परत आलीय. उजवीकडे वळवा!"

वल्ही चालली. चांगी पडल्या पडल्या सांगत राहिली. शेवटी होडीचं नाक बेटाच्या वाळूत घुसलं.

"लबाडी!" राजे गरजले. "हिनं पट्टीखालून बघितलं!"

"नाही हो, महाराज!" चांगी म्हणाली.

"सिद्ध कर! नाहीतर चला दगड फोडायला!"

न बघितल्याचा पुरावा आणायचा कुठून? पोरं रडकुंडीला आली. पोशानं सुस्कारा सोडला. नोकरी गेली तर गेली!

"महाराज, बघून होडी हाकायला या पोरांना कुणी शिकवलेलंच नाही. मला जे येत नाही, ते मी कसं शिकवू? सहा वर्षं मला दिसत नाही. काल खांबाला मुजरा काय हौसेनं केला?"

राजांच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे... गेल्या माघात खडकांमधून मला आणलंस, तेव्हा गलबतावर बघत कोण होतं?"

"कुणीच नाही, महाराज! मला दिसत नव्हतं, आणि आपण डोळे गच्च मिटून रामनाम जपत होता. मला सगळं ऐकू येत होतं!"

राजे पोट धरून हसायला लागले. भानजीही लगेच हसला.

"शाळा चालू राहील! पोरांचं जेवण राजवाड्यातून येईल. हे यंत्रही घे."

"चांगीला द्या, महाराज. पाण्यात पडेपर्यंत वापरेल."

राजांनी हातातलं सोन्याचं कडं पोशाच्या मनगटात चढवलं. पोशा गहिवरला, वळला आणि लवून मुजरा केला.

"अरे, तो भानजी आहे!"

"तरीच!" पोशा म्हणाला. "कालच्या खांबाचा रुबाब जास्त होता."