एक पाणी

एके काळी एक वृद्ध उपदेशक खाडीकाठच्या लहानशा ख्रिस्तमंदिराशेजारी राहत असत. त्यांच्याजवळ शमुवेल नावाचा शिष्य शास्त्र शिकत होता. बुद्धी तल्लख, आवाज खणखणीत. खोड एकच, मनात धरलेले तो सोडत नसे.

ती खाडी ओहोटीत पायी ओलांडता येई, भरतीत नाही. एका भरतीला तिथली माणसे 'एक पाणी' म्हणत. पलीकडच्या गावी शमुवेलचा थोरला भाऊ थोमा राहत असे. तीन वर्षांपूर्वी, भर वैशाखात, त्यांची आई वारली. दफनभूमी अलीकडे, मंदिरामागे. म्हणून थोमाने ओहोटी साधून मयत आणली आणि माती दिली. त्या वेळी शहरात असलेला शमुवेल धावत आला तोवर कबर बुजलेली होती.

"एक पाणी थांबला असतास तर आईचं तोंड दिसलं असतं!" तो ओरडला.

"पाणी थांबत नाही रे, शमू," एवढेच थोमा म्हणाला.

शमुवेलने त्या दिवसापासून अबोला धरला. भावाशी समेट केल्यावाचून प्रभुभोजन घ्यायचे नाही, असा त्या मंडळीचा दंडक होता. त्यामुळे उपासनेत प्रभुभोजनाची भाकर फिरू लागली की हा मान खाली घाली आणि मनाशी म्हणे, पुढच्या खेपेला पाहू. राग कसला शिळा होतो! तो रोज ताजाच वाढून घेत होता.

वर्षअखेरीच्या आदल्या दिवशी पलीकडून मासे विकायला आलेल्या बाईने निरोप दिला, "थोमादादाचा भरवसा नाय. तुझंच नाव घेतोय."

शमुवेल उठून दारापर्यंत गेला. पण दुसऱ्या दिवशी उपासनेत त्याला प्रवचन करायचे होते, आणि विषय होता काळाचा सदुपयोग!

"बाबा, प्रवचन लिहून पुरं करतो आणि पुढच्या ओहोटीला जातो," तो म्हणाला.

झोळी खांद्याला लावून उपदेशक काठी टेकीत खाडीत उतरले आणि मध्यावरच्या खडकावर जाऊन बसले. ओहोटी संपून पाणी उलटले होते.

शमुवेलने खिडकीतून पाहिले. आत्ता उठतील, मग उठतील, म्हणून वाट पाहिली. पाणी खडकाला भिडले, म्हाताऱ्याच्या पावलांवर आले, तरी ते हलेनात. तेव्हा मात्र तो लेखणी टाकून धावला. गुडघाभर पाण्यातून धडपडत तो खडकापाशी पोहोचला.

"बाबा, उठा! पाणी चढतंय!"

"एवढी काय घाई? एक पाणी थांबू."

"बुडाल ना! पाणी थांबत नाही, बाबा!"

बोलला आणि जागीच थिजला. थोमाचे शब्द त्याच्याच तोंडून निघाले होते.

उपदेशक शांतपणे म्हणाले, "माझ्यासाठी तू लेखणी टाकून धावलास. भावासाठी तीन वर्षं बसून राहिलास. उद्या आपल्या बापाचा आहे असं धरून माणूस रुसतो, शमुवेल. उद्या बापाचाच आहे, पण स्वर्गातल्या. आपल्याला भाकर दिलीय ती आजची. आता मागे वळायचं की पुढे जायचं, तू ठरव. मी तुझ्याबरोबर येतो."

शमुवेलने त्यांना खांद्याचा आधार दिला आणि पलीकडची वाट धरली. काठ गाठेपर्यंत पाणी कमरेच्या वर आले होते.

थोमा खाटेवर होता. श्वास लागत होता.

"दादा, मी आलो. तुझं खरं होतं. मला क्षमा कर."

थोमाने कष्टाने हात उचलून त्याची बाही चाचपली. "भिजलायस केवढा. आधी अंग पूस," तो म्हणाला.

शमुवेलला हुंदका आवरेना. उपदेशकांनी झोळीतून फडक्यात बांधलेली भाकर काढली, प्रार्थना केली आणि मोडली. दोघा भावांनी एकाच तुकड्यातले घास घेतले.

उजाडायच्या आत थोमा गेला.

सकाळी ओहोटी लागली. कोणीतरी म्हणाले, "लांबचे पाहुणे यायचेत, एक पाणी थांबू या."

"नको," शमुवेल म्हणाला. त्याने शवपेटीची पुढची बाजू खांद्यावर घेतली आणि पाण्यात पाऊल टाकले.