चार शाळांची एक झोळी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. राजाच्या पाठशाळेच्या भिंती मात्र पांढऱ्याशुभ्र होत्या, हे सगळे सांगतात. त्या भिंतींचा चुना नदीपलीकडची माणसं भट्टीत भाजून आणत. चुना त्यांचा, पण आत बसायला त्यांच्याच मुलांना मनाई! का, तर तसा नियम होता. आणि नियम कुणी केला? ज्यांची मुलं आत बसत होती त्यांनी.

भट्टीवाले रडत बसले नाहीत. त्यांनी आपल्या चार वस्त्यांत चार शाळा काढल्या. शिकवणारे मिळाले, शिकणारे तर होतेच. पैसा तेवढा मिळेना.

मग शाळांचे गुरुजी दान मागायला शहरात जाऊ लागले. एकत्र नव्हे हं, एकेकटे आणि एकमेकांना चुकवून! कुठल्या घरी काय मिळालं, हे दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. उलट दाराशी उभं राहून म्हणायचं, "त्या पलीकडच्या शाळेत काही दम नाही, शेठजी." शहाणी माणसं, पण इथे साफ चुकली.

शहरातल्या एका बड्या शेठजींना ही गंमत फार आवडे. प्रत्येकाला ओसरीवर ताटकळत ठेवायचं आणि जो जास्त वाकेल त्याला थोडं द्यायचं. तेही अट घालून. "पोरांना भट्टीचं काम शिकवा. गणित, व्याकरण, ग्रहतारे घेऊन काय करायचंय त्यांना?" एका गुरुजींनी ती अट मान्य केली. वर्षभरात त्यांच्या शाळेत पाट्या दिसेनाशा झाल्या, नुसती घमेली दिसू लागली. त्या मुलांचं मला आजही वाईट वाटतं.

अशात टेकडीवरच्या सगळ्यात लहान शाळेचं छप्पर कोसळलं. पाडव्यापर्यंत ज्या शाळेला छप्पर नसेल ती कायमची बंद, असा राजाचा हुकूम होता. हातात दोन महिने होते आणि शाळेत साठ मुलं. तिथे एक बाई शिकवत. त्या तिन्ही गुरुजींना जाऊन भेटल्या.

"आपण चौघं मिळून एकच झोळी धरू," त्या म्हणाल्या. "जिची गरज मोठी, त्या शाळेला आधी देऊ. आणि पहिली मूठ आपल्याच वस्तीतून घेऊ. आपणच दिलं नाही, तर दुसऱ्यानं का द्यावं?"

सगळ्यात मोठ्या शाळेच्या गुरुजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाई, शेठजी मला सगळ्यांपेक्षा जास्त देतात. यात माझा काय फायदा?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "सुरुवातीला तर तोटाच होईल."

इतकं सरळ उत्तर गुरुजींना अपेक्षित नव्हतं. बाकीचे दोघे तयार झाले, म्हणून तेही निघाले खरे, पण मनातून नाही.

वस्तीत पहिल्याच घरी एका म्हातारीनं मूठभर ज्वारी आणली. मोठ्या शाळेच्या गुरुजींनी सवयीनं विचारलं, "आजी, कोणत्या शाळेसाठी?"

म्हातारी त्यांच्याकडे बघतच राहिली. "कोन्त्या म्हंजे? पोरं काय वाटून घेतलीत व्हय तुमी?"

गुरुजींची मान खाली गेली.

चौघं शेठजींच्या दारी पोचले, तेव्हा शेठजींचा चेहरा पडला. त्यांनी मोठ्या शाळेच्या गुरुजींना बाजूला घेतलं. "यांची साथ सोडा. तुमच्या एकट्याच्या शाळेला नवी इमारत बांधून देतो."

बाईंनी ते ऐकलं. गुरुजी फुटले तर आपली शाळा संपली, हे त्यांना ठाऊक होतं. 

गुरुजी परत झोळीपाशी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "शेठजी, द्यायचं तर झोळीत द्या."

शेठजींनी दार लावून घेतलं.

लगेच सगळं गोड झालं, असं समजू नका. त्या वर्षी मोठ्या शाळेची इमारत झाली नाही आणि गुरुजींनी अर्ध्या पगारावर दिवस काढले. पण चार शाळांची एक झोळी फिरतेय, ही बातमी शहरभर झाली. विणकरानं दिलं, कुंभारानं दिलं, ज्यांच्याकडे आजवर कुणी मागितलंच नव्हतं त्यांनीही दिलं. पाडव्याच्या दोन दिवस आधी टेकडीवर छप्पर चढलं. बाई मुलांसमोरच रडल्या.

पुढच्या वर्षी शहरात देणाऱ्यांची नावं निघत, त्यात शेठजींचं नाव नसे. ते त्यांना झोंबलं. एक दिवस जड थैली घेऊन ते स्वतः नदीपलीकडे आले, आणि जुनी अटही बरोबर घेऊन आले.

मोठ्या शाळेच्या गुरुजींनी झोळी पुढे केली. "थैली यात टाका, शेठजी. अट घरी घेऊन जा."

शेठजींनी एकदा झोळीकडे पाहिलं. मग त्यांनी मुकाट्यानं थैली झोळीत टाकली.

मुलांनो आणि मोठ्यांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: एकेकट्यानं हात पसरला की देणारा अटी घालतो, सगळ्यांनी मिळून झोळी धरली की मागणाऱ्याचा मान राहतो.